सूर पोहोचतो, शब्द वाटेत का राहतो?

कुर्ला पूर्वेचे नेहरूनगर असो की पश्चिमेची एखादी जुनी चाळ, संध्याकाळचा एक संवाद ठरलेला असतो. आजोबा म्हणतात, ‘जरा आवाज वाढव रे, काही ऐकू येत नाही.’ नातू आवाज दोन घरे वर नेतो. तेवढ्यात तेच आजोबा कपाळाला आठ्या घालतात, ‘अरे, केवढ्याने लावलंस! कान फुटतील.’ नातू आईकडे बघतो, आई छताकडे. मग घरात हळूहळू एक सिद्धांत रुजतो की आजोबांना हवे तेवढेच ऐकू येते.

सिद्धांत चुकीचा आहे. दोन्ही तक्रारी एकाच मिनिटातल्या असल्या तरी दोन्ही खऱ्या आहेत, आणि त्या एकाच बिघाडातून निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठी ओलांडलेल्या दर चार माणसांत एकाहून अधिक जणांना रोजच्या व्यवहारात अडेल इतके कमी ऐकू येते. बोलणे समजत नाही हे घरच्यांना लवकर कळते, कारण तीनतीनदा सांगण्याचा त्रास त्यांनाही होतो. गाणे मात्र गुपचूप सुटते. माणूस रेडिओ लावायचा थांबतो आणि वयाबरोबर आवडही गेली, असे सगळे समजून चालतात. प्रत्यक्षात बहुतेकांच्या कानात गाण्याचा गाभा अजून जागेवर असतो. त्यावर केला जाणारा एकमेव इलाज, म्हणजे आवाज वाढवणे, तेवढा चुकीचा असतो. म्हाताऱ्या कानाला मोठा आवाज लागत नाही. त्याला जवळचा, सुटा आणि स्वच्छ आवाज लागतो.

पंप जळालेली चाळ

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी असते. उलगडली तर लांबी जेमतेम ३५ मिलिमीटर. तिच्यात १५ हजारांच्या आसपास केशपेशी असतात; डोक्यावर केसांसारखे बारीक तुरे असतात म्हणून हे नाव. प्रत्येक पेशीची जागा ठरलेली आहे. नळीच्या तोंडाशी उंच, टोकदार आवाज नोंदले जातात आणि आत टोकाशी खर्जातले. पेटी गुंडाळून कानात ठेवावी आणि तिची वरची सप्तके दाराशी यावीत, अशी ही मांडणी. ध्वनीची लाट या नळीतून कशी पुढे सरकते हे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवले आणि १९६१ चे नोबेल मिळवले. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते; हंगेरीच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ होते.

केशपेशी दोन जातींच्या असतात. आतल्या रांगेतल्या साडेतीन हजार मेंदूला बातमी देतात. बाहेरच्या रांगांतल्या सुमारे बारा हजार पेशींचे काम वेगळे. त्या आवाजाच्या तालावर स्वतः लांब-आखूड होतात आणि क्षीण आवाजाला आतून जोर देतात. मुंबईकराला हे समजवायला पाण्याचा पंप पुरे. पालिकेच्या पाण्याला दाब कमी असला की चौथ्या मजल्यावर ते पंपाशिवाय चढत नाही. दाब भरपूर असेल त्या दिवशी पंपाची गरज पडत नाही. बाहेरच्या केशपेशी म्हणजे हा पंप. हळू आवाजाला त्या भरपूर रेटा देतात, मोठ्या आवाजाला जवळजवळ काहीच नाही.

आता पंप जळाला असे समजा. कमी दाबाचे पाणी वर पोहोचतच नाही: ‘काही ऐकू येत नाही.’ मग नातू मूळ नळाचाच दाब वाढवतो. एका मर्यादेपर्यंत तरीही काही येत नाही, आणि ती ओलांडली की पाणी पूर्वीच्याच जोराने धो धो येते, कारण त्या दाबाला पंप कधी लागतच नव्हता: ‘कान फुटतील.’ ऐकू न येणे आणि सहन न होणे यांच्यामधला पट्टा तरुण कानात ऐसपैस असतो. इथे तो बोळासारखा अरुंद होतो. आजोबांच्या दोन्ही तक्रारींचा उलगडा एवढाच आहे.

माणसात केशपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांमध्ये उगवते, पण तो भाग्ययोग आपल्या वाट्याला आलेला नाही. झीज बहुधा नळीच्या तोंडापासून, म्हणजे उंच आवाजांच्या बाजूने सुरू होते. दारातले पायपुसणे आधी झिजते, अशी उपमा यासाठी नेहमी दिली जाते. ती लक्षात ठेवायला बरी, पण खरी कारणे अनेक आहेत: अनुवंश, केशपेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या ऊतीचा वयानुसार होणारा ऱ्हास, आणि आयुष्यभर ऐकलेला गोंगाट. या तिसऱ्या कारणाशी कुर्ल्याचा जुना संबंध आहे. जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये इथली धरमसी मिल घेऊन तिची स्वदेशी मिल केली. पुढे लालबहादूर शास्त्री मार्गावर प्रीमियरच्या कारखान्यात मोटारी बनू लागल्या. कापड गिरणीच्या साचेखात्यातला आवाज सर्वसाधारणपणे ९० डेसिबलच्या वर असतो. तिथे माणसे खुणांनी बोलत. अशा ठिकाणी वीस-तीस वर्षे काढलेल्या कानाला निवृत्तीनंतरचे वय दुप्पट जड जाते.

सा कुठे राहतो?

संगीताचे काय उरते हे पाहायचे तर थोडा हिशोब करावा लागेल. आवाजाची उंची हर्ट्झमध्ये मोजतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. पुरुष गायकाने काळी एकचा सूर लावला, तर त्याचा मध्य सप्तकातला सा सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. तार षड्ज २७७, तार पंचम ४१५. बाईंनी काळी चार घेतली तर त्यांचा सा २०८ आणि तार षड्ज ४१५ हर्ट्झ. म्हणजे आलाप, ताना, मींड, गमक यांचा जवळजवळ सगळा व्यवहार हजार हर्ट्झच्या आत उरकतो. वयानुसार येणारे बधिरत्व बहुधा दोन हजार हर्ट्झच्या पुढे उताराला लागते. राग ज्या अंगणात खेळतो त्या अंगणाला सुरुवातीची अनेक वर्षे धक्का लागत नाही.

मग वर काय असते? तानपुऱ्याची जवारी ज्यांच्यामुळे झंकारते ते उंच उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर), टाळ-झांजांची किणकिण, तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ सुरू होतानाची कड, बासरीतली फुंक. आणि व्यंजने. स्वरांची ताकद खालच्या पट्ट्यात असते, तर ‘स’ आणि ‘श’ यांची चार हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर. ‘काठी’, ‘साठी’, ‘पाटी’, ‘खाती’ हे चार शब्द अशा कानाला ‘आ-ई’ एवढेच सांगतात, बाकीचे अंदाजाने भरावे लागते. म्हणून सूर पोहोचतो आणि शब्द वाटेत राहतो. भजनी मंडळातले टाळ पुसट होतात, पखवाज मात्र दमदार वाजत राहतो. तबल्याची शाई त्याचे उपस्वर सुरात आणून बसवते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये मांडले. हे सुरात बसलेले उपस्वर बरेचसे खालच्या पट्ट्यातले आहेत, त्यामुळे चाटेची धार गेली तरी तबला सुरात लागल्याचे कळते. हरवते ती गाण्याची किनार. लुगडे बव्हंशी शाबूत असते.

१९५५ चा रेडिओ

किनार गेली म्हणजे आनंदच संपला, असे कोणी म्हणेल. याला उत्तर महाराष्ट्राच्याच श्रवणाच्या इतिहासात आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडक्यांचे संगीत, आणि वर्षभर दर आठवड्याला रेडिओभोवती बसलेली घरे. ते प्रसारण मध्यम लहरींवर होते. त्या पद्धतीत चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही श्रोत्यापर्यंत येत नसे. जुन्या रेडिओचा छोटा कर्णा खर्जही धड देत नसे. त्याआधीच्या ध्वनिमुद्रिका तर याहून कंजूष. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आले. तोवर गायक भोंग्यात तोंड घालून गात आणि तबकडीवर अंदाजे अडीच हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज उतरे. गौहर जान आणि अब्दुल करीम खाँ यांचे पहिले ध्वनिमुद्रित गाणे लोकांनी ऐकले ते अशा अरुंद खिडकीतून, आणि जीव टाकला तोही त्याच गाण्यावर.

१९५५ साली जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. वयाने त्यांच्या कानातून जे वरचे आवाज काढून घेतले, त्यातले बरेचसे त्यांच्या लहानपणीच्या रेडिओने कधी दिलेच नव्हते. हा योगायोग मला फार बोलका वाटतो. मेंदू तेव्हाही उणे भरून काढत होता. छोट्या कर्ण्यातून १३९ हर्ट्झचा मूळ सा निघतच नसे. पण त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट उपस्वर येत, आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ सुराची हजेरी लावून मोकळा होई. आपण टेलिफोनवर आवाज ओळखतो तेही असेच. जुनी फोनलाइन फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ वाहून नेत असे.

इथे एक आक्षेप आडवा येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. १९५५ मध्ये रेडिओ अरुंद होता, पण कान धडधाकट होता. आज उलट आहे. आक्षेप रास्त आहे. बाहेरच्या केशपेशी नुसता जोर देत नाहीत, त्या जवळजवळचे आवाज वेगळेही करतात. त्या गेल्या की कानाची चाळणी फाटते: रवा, कोंडा, कणी सगळे एकत्र खाली पडते. काहींना तर दोन कानांत एकच सूर किंचित वेगळा लागतो आणि चांगली जुळवलेली पेटी बेसूर वाटते. म्हणजे अरुंद खिडकीचा दाखला आपल्याला अर्ध्या वाटेपर्यंतच नेतो. पण उरलेली वाटही त्यातून दिसते. चाळणी फाटली असेल तर तिच्यात एका वेळी कमी जिन्नस टाकावेत. साठ व्हायोलिनांचा वाद्यमेळ असलेल्या चित्रपटगीताचा अशा कानात गोळा होतो. एक गळा, एक तानपुरा, पेटी आणि तबला एवढेच असेल तर गुंता होत नाही. ख्याल, अभंग, मोजक्या साथीचे भावगीत, सतारीचा आलाप हे या कानाचे खरे सोबती. बैठकीत गवयापासून चार हातांवर बसून ऐकण्याची आपली जुनी रीत ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने आदर्श होती. सभागृह आणि लाऊडस्पीकर नंतर आले.

कुर्ल्यातली एक खोली

चाळणीत नको असलेला जिन्नस सर्वांत जास्त कुठून येतो? खिडकीतून. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी बोरीबंदरहून निघून याच कुर्ल्याला आली. आज मध्य आणि हार्बर या दोन्ही मार्गांच्या गाड्या आणि लोकमान्य टिळक टर्मिनसची मेल-एक्स्प्रेस वर्दळ इथे आहे. डोक्यावरून विमाने सांताक्रूझच्या धावपट्टीकडे उतरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती रुळांलगतच्या घरात पाळली जाते असे कुर्ल्यात कोणाला सांगून पाहावे.

गाड्या, विमाने, एअर कंडिशनर यांची घरघर बहुतांशी खालच्या पट्ट्यातली असते, आणि खालचा आवाज आपल्या वरच्या आवाजांना झाकून टाकतो. उलट तितके होत नाही. त्यामुळे आधीच दुबळी झालेली व्यंजने या घरघरीखाली पुरती गाडली जातात. ‘बास’ चढवून ठेवलेला स्पीकरही हेच करतो. ऐकू येत नाही म्हणून बास वाढवणारे पुष्कळ आहेत; त्यांनी तो उतरवून पाहावा, शब्द वर येतात.

खोली लहान आहे ही इथली सोय समजावी. उघड्यावर अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबलने वाढतो. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज मिसळतो म्हणून वाढ कमी होते, पण तिथे दुसरा फायदा होतो: स्पीकर जवळ आणला की थेट आवाजाचा वाटा वाढतो आणि फरशी-भिंतींवरून आपटून येणाऱ्या आवाजाचा घटतो. टीव्हीवरच्या फळीवरून भोंगा वाजवण्यापेक्षा छोटा स्पीकर खुर्चीशेजारच्या स्टुलावर, हातभर अंतरावर ठेवावा. आवाज पूर्वीपेक्षा कमी लागतो आणि शेजारीही भिंत वाजवत नाहीत. मे महिन्यात पंखा बंद करायला सांगणारा लेखक मुंबईचा नसणार, तेव्हा तो सल्ला मी देत नाही. पण रुळांकडची खिडकी लावता येते आणि पहाटेची वेळ निवडता येते.

मशीनला तानपुरा शिट्टी वाटतो

कानाचे मशीन लावले की गाणे पत्र्यासारखे वाजते, सूर थरथरतो, ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की अनेक जण गाणे ऐकताना मशीन काढूनच ठेवतात. तक्रारीत तथ्य आहे. श्रवणयंत्र मुळात बोलणे समजावे म्हणून जुळवलेले असते. बोलणे तुटक असते, त्यात विराम असतात. न थांबता एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा गोंगाट, अशी यंत्राची समजूत, म्हणून ते त्याला दाबते. आता न थांबता एकसारखा चालणारा आवाज म्हणजे तानपुरा. दुसरे असे की यंत्र स्वतःच कधी कधी शिट्टी मारते आणि ती रोखण्याची सोय त्यात असते. बासरीचा लांबवलेला शुद्ध सूर त्याला आपलीच शिट्टी वाटतो आणि ते त्याची मान मुरगळते. तिसरे, संगीतातले हळू आणि मोठे यांच्यातले अंतर बोलण्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. जुन्या यंत्रांची झेप तेवढी नसते, म्हणून समेवरची थाप फाटते.

यावर तोडगा आहे आणि तो नव्या बहुतेक डिजिटल यंत्रांत आधीपासून असतो. श्रवणतज्ज्ञ, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट, यंत्रात संगीतासाठी वेगळा प्रोग्राम बसवून देतात. त्यात गोंगाट दाबणे आणि शिट्टी रोखणे सौम्य किंवा बंद केलेले असते. मशीन घेताना कोणी तो मागत नाही म्हणून तो बसवलाही जात नाही. ब्लूटूथ असलेल्या यंत्रात मोबाइलवरचे गाणे थेट कानात सोडता येते, मग खोलीचा आणि खिडकीचा प्रश्नच मिटतो. तरी एक मर्यादा राहते. जिथे केशपेशी पार संपल्या आहेत, त्या पट्ट्यात आवाज कितीही चढवला तरी नुसता करकराट मिळतो. जवारीची चकाकी जशीच्या तशी परत येईल असे आश्वासन देणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे. नवे यंत्र अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात, हेही घेतानाच माहीत असलेले बरे.

चौकट: आज संध्याकाळी करून पाहा

ओळखीच्या गाण्यापासून सुरुवात करा आणि त्याचे शब्द मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा. डोळ्यांनी वाचलेले व्यंजन मेंदू कानात बसवतो. स्पीकर हातभर अंतरावर, बास उतरवलेला, ट्रेबल थोडासाच चढवलेला. एक कान जास्त अधू असेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू करा, म्हणजे डाव्या-उजव्यात वाटलेली वाद्ये दोन्हीकडे येतील. आधी कानात मळ साचला नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. स्वतः काडी घालू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ते वय नव्हे, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

हेडफोनची भीती

हेडफोनने उरलेसुरले कानही जातील, अशी धास्ती घरोघरी आहे. धोका हेडफोनचा नसतो, पातळीचा आणि वेळेचा असतो. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित मर्यादा आहे. दर तीन डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. पूर्ण कान झाकणारा हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवतो, त्यामुळे गाणे हळू लावूनही भागते. गाड्यांच्या आवाजावर मात करण्यासाठी चढवलेला स्पीकर त्याहून वाईट. प्रवासात वाजणाऱ्या नातवाच्या इअरफोनची काळजी करावी, आजोबांच्या तासाभराच्या यमनाची नको.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो हेडफोनच्या भीतीपेक्षा वजनदार आहे. चांगल्या डिजिटल यंत्राची किंमत निवृत्तिवेतनाला परवडणारी नाही. राज्याच्या २०२४ मधल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक उत्पन्न दोन लाखांपर्यंत असलेल्या नागरिकांना श्रवणयंत्रासह सहायक साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. त्यात संगीताचा प्रोग्राम असलेले यंत्र येणार नाही हे उघड आहे. म्हणूनच स्टूल, खिडकी, समोर लिहून ठेवलेले शब्द आणि हेडफोन हे उपाय मशीनच्या आधी करून पाहावेत; सौम्य बधिरत्वात गाण्यापुरते तेवढ्यानेही बरेच भागते. तपासणी मात्र टाळू नये. वांद्रे रिक्लेमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, आणि दोन्ही कुर्ल्याहून फार लांब नाहीत. तिथे यंत्र जुळवताना बोलण्याचे नमुने ऐकवतील. तुम्ही आपल्या आवडीचे एक गाणे मोबाइलमध्ये घेऊन जा, तिथल्या तिथे लावा, आणि तानपुरा थरथरायचा थांबेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.